एकास सत्त्याऐंशी

सौंसरच्या फलाटावर आज उभं राहिलं की समोर ब्रॉडगेजचे रूळ दिसतात. नोव्हेंबर 2015 च्या अखेरीपर्यंत इथून नॅरोगेज धावत होती. नागपूरहून निघालेली गाडी सावनेर, केळवद, लोधीखेडा करत सौंसरला यायची आणि पुढे रामाकोना, भिमालगोंदीच्या अंगाने सातपुडा चढून छिंदवाड्याला पोचायची. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, पण प्रवासाला निम्मा दिवस द्यावा लागे. सौंसरजवळच्या जामसांवलीच्या मारुतीला शनिवारी-मंगळवारी येणाऱ्या भाविकांत आजही असे लोक भेटतात की ज्यांच्या लहानपणीच्या जामसांवलीत त्या गाडीचा भोंगा आहे. पिंपळाखालचा निजलेला मारुती आणि सौंसरला उतरल्यावर धरलेली बैलगाडी किंवा टेम्पो, हे त्यांच्या आठवणीत एकत्रच येतं.

‘हाताला काम देणारे छंद’ हा विषय संपादकांनी या अंकासाठी सुचवला, तेव्हा मी मॉडेल रेल्वेवर लिहीन असं सांगितलं. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघालेला आमचा पांढुर्णा जिल्हा दोनच तालुक्यांचा, पण दोन्ही तालुके रेल्वेचे. पांढुर्णा नागपूर–इटारसी मार्गावर, म्हणजे दिल्ली–चेन्नईच्या हमरस्त्यावर. तिथून पुढे तीगाव–चिचोंड्याचा घाट लागतो आणि जड मालगाड्यांना जोडइंजिनं लावावी लागतात. सौंसर मात्र शतकभर नॅरोगेजचं. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला रेल्वेची आवड जडणं नवल नाही. मला सांगायचं आहे ते त्या आवडीच्या पुढचं. रेल्वे कशी चालते हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने ती एकदा लहान मापात स्वतः बांधावी. आणि आमची गेलेली नॅरोगेज तर आता अशीच बांधता येईल, दुसरा मार्ग उरलेला नाही.

नऊ मिलिमीटर

या छंदात सगळ्यात आधी माप ठरतं. जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खऱ्या रेल्वेतल्या सत्त्याऐंशी मिलिमीटरला इथे एक मिलिमीटर. त्याचं नाव एच-ओ, कारण त्याआधी रूढ असलेल्या ‘ओ’ मापाच्या ते निम्मं आहे. ओ मापात एका फुटाला सात मिलिमीटर धरायचे, एच-ओ मध्ये साडेतीन. जुनी रेल्वे नकाशांमध्ये फूट-इंचांत काढलेली असल्याने हे साडेतीनचं गणित हाताशी चांगलं बसतं. साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर एकोणीस मिलिमीटरचा होतो. दाराची वीतभर मूठ अडीच मिलिमीटरची.

एच-ओ च्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने गुणलं की 1435 मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. तो याच प्रमाणात आणायचा तर रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतर हवं, आणि तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. म्हणून भारतीय गाड्यांची मॉडेल्स बहुतेक वेळा युरोपीय रुळांवरच धावतात. डबा बरोबर, रंग बरोबर, इंजिनाचा नाकनकाशा बरोबर. पण समोरून पाहिलं की चाकं एकमेकांच्या जवळ आल्यासारखी दिसतात. खऱ्या मापात हा फरक जवळजवळ पंचवीस सेंटिमीटरचा आहे. ज्याने पांढुर्ण्याच्या फलाटावरून समोर येणारं इंजिन रोज पाहिलं आहे, त्याच्या नजरेतून तो सुटत नाही.

आता सौंसरची नॅरोगेज घ्या. तिचा गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, उत्तर पावणेनऊ. आणि बाजारात एन नावाचं एक आणखी लहान माप आहे, एकास एकशे साठचं, त्याचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात. ते सर्वत्र मिळतात, त्यांचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, मिळतात, त्यांवर धावणारे मोटर बसवलेले सांगाडे मिळतात. त्या सांगाड्यावर एकास सत्त्याऐंशीचं अंग चढवलं की फरक उरतो पाव मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही. जगभरचे नॅरोगेजवाले हीच वाट धरतात. दिल्ली–चेन्नईची भलीमोठी गाडी छोट्या मापात करताना तडजोड करावी लागते आणि आमची धाकटी गाडी मात्र जशीच्या तशी उतरते, हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अजूनही होतो.

हे एकट्या सौंसरचं नाही. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने या गेजचा आग्रह धरून 1897 मध्ये ती सुरू केली. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला अडीच फुटी. पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर, गोंदियाहून सातपुड्यात शिरणारे मार्ग, सगळे अडीच फुटी. मराठी मुलखातल्या छोट्या रेल्वेचा जवळपास सगळा इतिहास नऊ मिलिमीटरच्या रुळांवर मावतो. माथेरानची दोन फुटी गाडी तेवढी त्यातून बाहेर राहते.

कोथरूडमधलं शहर

मराठी माणसाने हा छंद कुठवर नेला हे बघायचं तर पुण्याला जावं लागतं. कोथरूडमध्ये जी. ए. कुलकर्णी पथावर ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या आवडीचं ते मूर्त रूप. आधी त्यांनी हलवता येईल असा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासह मांडलेली छोटी रेल्वे, केला, लोकांना दाखवला, आणि मग कायमचा बांधला. 1 एप्रिल 1998 रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. भाऊसाहेब आज नाहीत, पण कुटुंबाने संग्रहालय चालू ठेवलं आहे.

आत मोठ्या खोलीत एक अख्खं शहर आहे. हमरस्ता, उड्डाणपूल, रस्त्याकडेचे दिवे, रोपवे, सर्कशीचा तंबू, जलतरण तलाव, मोटारीत बसून सिनेमा बघायचं थिएटर. प्रेक्षक बसले की निवेदन सुरू होतं आणि एकेक गाडी निघते. वाफेचं इंजिन धूर सोडतं. मग खोलीतले दिवे मंद होत जातात, शहरात संध्याकाळ होते, आणि खिडक्या, खांब, सिग्नल एकामागून एक उजळतात. लहान मुलं या क्षणी ओरडतात. मोठी माणसं ओरडत नाहीत, पण पुढे वाकतात.

मी मात्र बहुतेक वेळ सिग्नलांकडे बघत होते. एका खोलीत इतक्या गाड्या एकाच वेळी फिरवायच्या तर रूळ तुकड्या-तुकड्यांत विभागावे लागतात. कोणत्या तुकड्यात गाडी आहे हे यंत्रणेला कळलं पाहिजे, आणि त्या तुकड्यात दुसरी गाडी शिरू द्यायची नाही, हा नियम. खऱ्या रेल्वेचाही मूळ नियम हाच. तिथे त्याला ब्लॉक म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत येतो आणि विसरला जातो. कोथरूडच्या त्या खोलीत मागची गाडी लाल दिव्यापाशी थबकते, पुढची निघून जाते, दिवा बदलतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला कुणी काही न सांगता तो नियम कळतो. भाऊसाहेबांनी पुण्याला काय दिलं याचं उत्तर मला इथे सापडतं. गंमत तर दिलीच, पण गुंतागुंतीच्या व्यवस्थेचा धाक न वाटता ती समजून घ्यायची सवय दिली.

असंच काहीसं अमेरिकेतही झालं होतं. एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब आहे, 1946 साली सुरू झालेला. त्यात एका गटाला डबे-देखाव्यांत रस, तर दुसऱ्या गटाला टेबलाखालच्या तारांत. हा दुसरा गट टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले जोडून सांधे आणि सिग्नल चालवायचा. पुढे संस्थेत संगणक आले, तेव्हा रात्र-रात्र त्यांच्यापुढे बसणाऱ्या पहिल्या मुलांत याच टेबलाखालचे बरेच जण होते. जर्मनीत हॅम्बुर्ग इथे ब्राउन बंधूंनी 2001 मध्ये उघडलेलं मिनिएटुर वुंडरलँड आज या मापातलं जगातलं सर्वांत मोठं ठिकाण मानलं जातं. ते भव्य आहे यात शंका नाही. पण कोथरूडच्या संग्रहालयाचं मोल मला वेगळं वाटतं. भारतात या छंदाची दुकानं नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते, शिकवणारं कुणी नव्हतं, अशा काळात एका माणसाने ते उभं केलं.

फळी, रूळ आणि टेबलाखालची तार

बाहेरच्या माणसाला वाटतं की या छंदात इंजिन विकत घ्यायचं आणि फिरवायचं. प्रत्यक्षात इंजिनाची पाळी फार उशिरा येते. आधी सुतारकाम. टेबल सपाट आणि ताठ हवं, आणि आमच्याकडे ते सपाट ठेवणं सोपं नाही. मे महिन्यात सौंसरचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, जुलैत भिंतींना ओल येते. साधं प्लायवुड या दोन महिन्यांत दोन वेगळे आकार घेतं. म्हणून खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, वर चांगल्या प्रतीचं प्लाय, आणि दोन्ही बाजूंना वॉर्निश किंवा रंग, म्हणजे ओल एकाच अंगाने शिरत नाही. रूळ टाकताना जोडावर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची, कारण लाकूड आकसलं की रूळ सरकतात आणि फट नसेल तर वाकतात. खऱ्या लाइनवर गँगमन उन्हाळ्यात ज्या गोष्टीवर नजर ठेवतो, तीच गोष्ट इथे टेबलावर समोर येते.

मग चढण. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एच-ओ मापात दोन्हींच्या मध्ये आठेक सेंटिमीटर मोकळे लागतात. चाळीसला एक असा चढ घेतला तर त्यासाठी सव्वातीन मीटर लांबी खर्च होते, आणि तेवढंच पुन्हा उतरायला. खोलीत एवढी जागा कुणाकडे असते? वळणांचंही तसंच. आपल्या ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर चालतं त्यातलं सर्वांत तीव्र वळण 175 मीटर त्रिज्येचं. एकास सत्त्याऐंशीने ते दोन मीटर होतं, म्हणजे अर्धं वर्तुळच चार मीटर रुंद. त्यामुळे प्रत्येक मॉडेलवाल्याला खऱ्या जगातलं काय ठेवायचं आणि काय आखडायचं हे ठरवावं लागतं. चारशे मीटरचं यार्ड जसंच्या तसं केलं तर ते 4.6 मीटर होतं. त्यातल्या पाच लाइनींपैकी तीन ठेवल्या, लांबी निम्मी केली, तरी ते सौंसरच वाटलं पाहिजे. कशामुळे वाटेल? पाण्याच्या टाकीमुळे, फलाटाच्या टोकाच्या कडुलिंबामुळे, की फाटकाच्या जागेमुळे? एखाद्या ठिकाणाची ओळख नेमकी कुठे असते याचा विचार मला इतर कुठल्याही कामाने इतका करायला लावला नाही. नॅरोगेजची मदत इथेही होते. तिची खरी वळणंच तीव्र, गाडी आखूड, स्टेशनं लहान. फार काही कापावं लागत नाही.

विजेचं काम मला सर्वांत प्रिय आहे. साध्या पद्धतीत दोन रूळ म्हणजे दोन तारा. एका रुळावर धन, दुसऱ्यावर ऋण, बारा व्होल्टपर्यंत दाब; इंजिनाची चाकं वीज उचलतात आणि मोटर फिरते. दिशा उलटायची तर धन-ऋण उलटायचे. रुळांच्या जोडांवर भरवसा ठेवायचा नाही, दर तीन-चार फुटांवर खालून बारीक तार सोल्डर करून वीज पोचवायची. हे सोल्डरिंग चटकन व्हावं लागतं. टोक चांगलं तापलेलं, रूळ घासून चकचकीत केलेला, फ्लक्सचा एक ठिपका, तार टेकवली, सोल्डर वाहिलं, हात मागे. दोन सेकंद. चार सेकंद टेकवून ठेवलं तर खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळून वाकडे होतात. सोल्डर चमकदार आणि तारेला बिलगून पसरलं असेल तर जोड पक्का. राखाडी गोळी होऊन बसलं असेल तर तो आज ना उद्या सुटणार.

आणि एक कोडं या छंदात प्रत्येकाला पडतं. गाडी पुढे जाऊन मोठं वळसेदार वर्तुळ घेऊन त्याच लाइनने परत यावी असा फाटा केला, की डावा रूळ फिरून उजव्या रुळाला येऊन भिडतो. धन ऋणाला भिडतो आणि सगळं बंद पडतं. कागदावर पेन्सिलीने दोन रेघा ओढून बघा, मग उलगडतं. उपाय असा की त्या वर्तुळाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळे करायचे, आणि गाडी आत पूर्ण शिरलेली असताना बाहेरची दिशा उलटायची. हे ज्या मुलाने एकदा स्वतः सोडवलं, त्याला भौतिकशास्त्राच्या पेपरात विद्युत परिपथाची भीती वाटणार नाही.

आता बहुतेक जण डिजिटल पद्धतीकडे वळले आहेत. रुळांत कायम सारखाच दाब, त्यावरून हुकूम वाहतात, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते जी फक्त स्वतःच्या नंबरचा हुकूम ऐकते. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. तीगावच्या घाटातलं जोडइंजिन हवं असेल तर हीच पद्धत सोयीची; पण मग दोन्ही इंजिनांचा वेग प्रत्येक पायरीवर जुळवावा लागतो, नाहीतर मागचं पुढच्याला ढकलून वळणावर डबे पाडतं. जुळवणीला अख्खी संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ मजेत जाते, हेही सांगितलं पाहिजे.

सातपुड्याची माती

दिवाळीच्या अंकात लिहीत असल्याने किल्ल्याची आठवण येणारच. मातीचा किल्ला करणारी मुलं आळीव पेरून गवत वाढवतात, भुसा रंगवतात, आरशाच्या तुकड्याचं तळं करतात. मॉडेल रेल्वेच्या देखाव्याची सगळी बीजं त्यात आहेत. फरक एकच, किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच चालतात आणि वाघ बुरुजाएवढा चालतो. इथे प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात हवी. झाडं करताना हे फार जाणवतं. जामसांवलीला शोभेल असा पन्नास फुटी पिंपळ एकास सत्त्याऐंशीने साडेसतरा सेंटिमीटरचा होतो. टेबलावर तो ठेवला की पहिल्यांदा अवाढव्य वाटतो आणि हात आपोआप लहान झाड उचलतो. उचलू नये. गाडी झाडाखालून गेली की गाडी लहान आणि पिंपळ मोठा दिसला पाहिजे, कारण तसंच असतं.

झाडाचा बुंधा विजेच्या तारेतल्या तांब्याच्या तंतूंना पीळ देऊन करायचा. वीस-पंचवीस तंतू एकत्र पिळले, वर जाताना दोन-दोन वेगळे काढले, की फांद्या आपोआप बारीक होत जातात. त्यावर फेव्हिकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा मिसळून लेप, मग करडा रंग. पानांसाठी स्पंज मिक्सरमधून काढून रंगवायचा. लहान झुडपांना वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या उत्तम, शेवरीचा कापूस लांबच्या झाडीला.

जमिनीसाठी मी खरी माती वापरते. सौंसरच्या शिवारातली काळी, आणि मुरमाड भागातली तांबूस. ऊन द्यायचं, कुटायची, जुन्या ओढणीतून गाळायची. मग, रुळाजवळ नेण्याआधी, कागदावर पातळ पसरून तिच्यावरून चुंबक फिरवायचं. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असावी, म्हणजे पुढचं काम सोपं. पहिल्याच फेरीत पिशवीच्या खाली काळी बारीक लव उभी राहते. सातपुड्याच्या काळ्या दगडात चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, ते झिजून मातीत उतरलेलं. तसंच राहू दिलं तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते कण ओढून घेतं आणि थोड्या दिवसांत मोटर घासत बसते. पिशवी चुंबकावरून उलटी काढून झटकायची, पुन्हा फिरवायचं, लव उभी राहीनाशी होईपर्यंत.

खडी टाकणं हा तर तपाचा भाग. चाळलेली खडी रुळांच्या मधोमध चमच्याने टाकायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये सारायची, एकही दाणा रुळाच्या आतल्या बाजूला टेकता कामा नये. नंतर पाण्याचा फवारा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी खडीवर मोती होऊन बसतं आणि दाणे उचलून नेतं. मग फेव्हिकॉल आणि पाणी समभाग, ड्रॉपरने थेंब-थेंब. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबलं की खडी दगडासारखी. एका फुटाला अर्धा-पाऊण तास लागतो. रॉड स्टुअर्ट या गायकाने गाण्याच्या दौऱ्यांवर हॉटेलच्या खोल्यांत बसून आपल्या लेआउटच्या इमारती केल्या, वीस वर्षांहून अधिक काळ. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या कामात हात पूर्ण गुंतलेला असतो आणि डोकं शांत होतं, असं काम माणूस कुठेही घेऊन जातो.

जुनाटपणा हीदेखील कलाच. नवं प्लास्टिकचं इंजिन चमकतं आणि खोटं वाटतं. वाफेच्या इंजिनावर पाण्याच्या भरण्यापाशी पांढुरके ओघळ, चाकांच्या जोडदांड्यांवर तेलकट काळा, धुराड्याच्या मागे काजळी. रंगीत खडू किसून केलेली पूड मऊ ब्रशने लावायची. यासाठी खरी इंजिनं जवळून बघावी लागतात. आमच्या नशिबाने नागपुरात मोतीबागेला नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, 2002 च्या डिसेंबरात उघडलेलं. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातलं सामान तिथे आहे. इंजिनं, डबे, कंदील, जुनी फोनयंत्रं. इंजिनाच्या बाजूला उकिडवं बसून चाकाच्या आरीत माती कुठे साठते ते बघता येतं. याच शहरात इक्बाल अहमद यांच्यासारखे कारागीर आहेत, ज्यांनी खरोखर वाफेवर चालणारी चिमुकली इंजिनं घडवून नाव मिळवलं. ती विद्या वेगळी, लेथची, आणि तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

क्रॉसिंग

सगळं बांधून झाल्यावर गाडी नुसती गोल-गोल फिरवली तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो. पुष्कळ जण तिथेच सोडतात. खरी मजा वेळापत्रक लावल्यावर सुरू होते. अमेरिकेत फ्रँक एलिसन नावाच्या गृहस्थाने 1940 च्या दशकात हा विचार मांडला, की लेआउट म्हणजे रंगमंच आणि गाड्या म्हणजे पात्रं. त्यांनी काही कामासाठी यावं-जावं. तेव्हापासून हा छंद चित्रासारखा बघण्यापुरता न राहता चालवण्याचा झाला.

नॅरोगेजवर काम करून निवृत्त झालेल्या एका सांधेवाल्या काकांना मी एकेरी लाइनीवरच्या क्रॉसिंगबद्दल विचारलं. त्यांनी अंगणातच काडीने लाइनी काढल्या. वरून येणारी गाडी आधी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनीवर, घ्यायची. ती पूर्ण आत आली, शेवटचा डबा, दोन लाइनी जिथे जवळ येतात तिथल्या फाउलिंग मार्कच्या आत आला, हे डोळ्यांनी बघायचं. मग सांधा मेनलाइनला लावायचा, कुलूप घालायचं, आणि त्यानंतरच समोरच्या गाडीला सिग्नल. ड्रायव्हरकडे त्या टप्प्याचं टोकन नसेल तर सिग्नल हिरवा असला तरी गाडी हलत नाही. एका टप्प्याचं टोकन एका वेळी एकच बाहेर निघतं, त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येण्याची वाटच बंद. काकांचा सगळा भर ‘बघायचं’ या शब्दावर होता.

माझ्या टेबलावर तीन लाइनींचं सौंसरसारखं स्टेशन आहे आणि दोन्ही टोकांना पडद्यामागे चार-चार लाइनी, एक टोक नागपूर, दुसरं छिंदवाडा. टोकन म्हणजे गुंड्या, निळी लोधीखेड्याची, तांबडी रामाकोन्याची. दोघं जण लागतात, एक ड्रायव्हर, एक मास्तर. घड्याळ सहापट वेगाने चालणारं, म्हणजे दहा मिनिटांत एक तास. सकाळची पॅसेंजर आत येते, मालगाडी लूपमध्ये थांबून आहे, तिच्यात मँगनीजचे चार डबे. हे मँगनीज आमच्या भागाचं. भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांच्या गटाला सौंसरचंच नाव आहे. हनुमान जयंतीला पॅसेंजरला दोन डबे जास्त जोडायचे असा नियम मी घातला आहे. त्या दिवशी गाडी लूपमध्ये मावत नाही आणि मास्तरची परीक्षा होते. आधी कुणाला घ्यायचं, मालगाडी मागे रामाकोन्यालाच अडकवायची का, इंजिनाचं पाणी केव्हा भरायचं. ही कोडी कुणी रचलेली नाहीत. एकेरी लाइन, आखूड लूप आणि यात्रा, एवढ्यातूनच ती आपोआप निघतात. खऱ्या मास्तरांनी ती रोज सोडवली, रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात.

वेगही तेव्हाच कळतो. नवशिक्याचा हात नेहमी जास्त फिरतो. ताशी तीस किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, वीतभर अंतराला दोन सेकंद. इतकी सावकाश गाडी चालवायला चाकं आणि रूळ स्वच्छ लागतात, गिअर मोकळे लागतात आणि हाताला दम लागतो. शाळेतली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या दिवशी गाडी पळवतात. दोनेक रविवारांनी तीच मुलं मालगाडी फलाटाला टेकताना श्वास रोखून नॉब एकेक रेघ मागे घेतात. मग त्यांच्यात कोण मास्तर होणार यावरून भांडण होतं, ड्रायव्हर कुणालाच व्हायचं नसतं.

टेप, वही, काठी

गेज बदलताना रूळ उचलले गेले, आणि जुन्या नॅरोगेजच्या सगळ्याच खुणा टिकणार नाहीत. एखादी मोरी, एखादी गेटवाल्याची खोली, घाटातला दगडी आधार, टाकीचा चौथरा जिथे उरला असेल, तिथेही तो किती वर्षं उभा राहील हे सांगता येत नाही. मॉडेल करायचं तर माप हवं, आणि माप नंतर घेता येत नाही. अमेरिकेत जॉन ॲलन यांचा लेआउट या छंदातला सर्वांत गाजलेला. 1973 मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच तो आगीत गेला. तरी आज कुणीही त्यातलं एखादं दृश्य पुन्हा बांधू शकतो, कारण त्यांनी तो भरपूर फोटोंत उतरवून ठेवला होता.

म्हणून या दिवाळीत सौंसर, लोधीखेडा, रामाकोना, भिमालगोंदीकडे जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. चालू लाइनीच्या रुळांवर पाऊल ठेवू नका, परवानगीशिवाय रेल्वेच्या आवारात शिरू नका. रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून, गावातल्या बाजूने बरंच दिसतं. सोबत पन्नास फुटी टेप, चौकटीची वही आणि एक सरळ बांबूची काठी घ्या. काठीवर दर फुटाला आळीपाळीने पांढरा-काळा पट्टा रंगवा. जे काही जुनं दिसेल त्याच्या भिंतीला ती काठी उभी टेकवा आणि समोरून, सरळ, तिरका कोन न घेता फोटो काढा. एक बाजू, मग दुसरी, मग मागची. भिंतीची लांबी, दाराची रुंदी, विटेचं माप वहीत लिहा. वीट मोजली की उरलेलं थर मोजून काढता येतं. छपराचा रंग, कौलं की पत्रे, पाण्याचा पाइप कुठल्या कोपऱ्यातून उतरतो, झाड कुठलं आणि दारापासून किती पावलांवर, तेही लिहा. जवळ राहणारं कुणी म्हातारं माणूस भेटलं तर आधी तिथे काय काय होतं ते विचारा आणि त्याने सांगितलेली जागा नकाशात खूण करून ठेवा. साडेतीन मिलिमीटरला एक फूट या हिशेबाने पुढचं काम घरी बसून होतं.